लडाखच्या रात्री आणि आल्प्सचा हीटर

टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर व्हॅन करून पुण्या-मुंबईहून थेट लडाख-स्पिती गाठणारी मंडळी आता अपूर्वाईची राहिलेली नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला आणि मनालीहून लाहौलला हिवाळ्यातही जाता येऊ लागलं. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडीतच पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून देणारे कारागीरही तयार झाले. हिमालयात जायचं म्हटलं की या कारागिरांच्या यादीत एक वस्तू हमखास असते, ती म्हणजे इंधनावर चालणारा हीटर. बहुतेक वेळा डिझेलचा.

हा हीटर महाबळेश्वरला बिनतक्रार चालतो, मनालीलाही चालतो. लेहला तो धूर ओकायला लागतो आणि सरचू किंवा पँगाँगला ऐन मध्यरात्री बंद पडून पडद्यावर एररचा आकडा दाखवतो. मग प्रत्येक जण आपापलं निदान सांगतो. कुणी डिझेलला दोष देतो, कुणी बॅटरीला, कुणी स्वस्तातल्या चिनी मालाला. यातलं थोडं थोडं सगळंच खरं असतं. पण मुळाशी असते ती हवा. म्हणून आधी हीटर आणि हवा यांचं नातं पाहू.

हीटर काम कसं करतो

व्हॅनमधल्या डिझेल हीटरमध्ये हवेचे दोन वेगळे मार्ग असतात. एका मार्गानं गाडीखालची बाहेरची हवा आत येते, डिझेलबरोबर जळते आणि सायलेन्सरमधून पुन्हा गाडीखालीच बाहेर पडते. दुसऱ्या मार्गानं गाडीतली हवा अॅल्युमिनियमच्या तापलेल्या पात्यांवरून फिरते आणि गरम होऊन परत गाडीत येते. या दोन हवा एकमेकींत मिसळता कामा नयेत, हीच या यंत्राची सगळी सुरक्षितता. दोन्ही मार्गांतली हवा ढकलणारे पंखे बहुधा एकाच मोटरच्या दांड्यावर बसवलेले असतात.

डिझेल येतं ते एका छोट्या पंपातून. रात्रीच्या शांततेत व्हॅनखालून येणारी टिक-टिक या पंपाचीच. दर टिकेला तो ठरलेल्या मापाचा थेंब ढकलतो. ग्लो प्लग तापतो, त्याच्याभोवतीच्या बारीक जाळीवर डिझेलची वाफ होते आणि ज्योत धरते. एकदा ज्योत धरली की ग्लो प्लग बंद होतो. दोन किलोवॅटचा हीटर पूर्ण जोरात तासाला साधारण पाव लिटर डिझेल खातो आणि मंद आचेवर त्याच्या निम्मं. रात्रभराचा खर्च लिटर-दीड लिटर. आटोपशीर आकार, कोरडी ऊब आणि गाडीच्याच टाकीतलं इंधन या तीन गुणांमुळे जगभरच्या व्हॅनवाल्यांनी त्याला पसंती दिली आहे.

हवा विरळ होते म्हणजे काय होतं

एक किलो डिझेल पूर्ण जळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते. पंखा मात्र हवा किलोनं मोजत नाही, फेऱ्यांनी मोजतो. समुद्रसपाटीवर एका फेरीत जेवढी हवा आत येते तेवढ्याच आकारमानाची हवा लेहलाही येते, पण तिचं वजन घटलेलं असतं. हवेचा दाब समुद्रसपाटीवर १०१३ हेक्टोपास्कल असतो. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहला तो ६५ टक्क्यांवर येतो, साडेचार हजार मीटरवर ५७ टक्क्यांवर आणि पाच हजारांच्या पुढच्या खिंडींत जेमतेम निम्म्यावर. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असतं, पण एकूण हवाच कमी भरते.

थंडी इथे थोडी मदत करते. उणे १५ अंशांची हवा अधिक १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे बारा टक्के घन असते. त्यामुळे जानेवारीत लेहला हीटरला मिळणारी हवा ६५ ऐवजी ७२-७३ टक्क्यांपर्यंत जाते. शिवाय हीटर बनवणाऱ्यांनी हवेचं प्रमाण मुळातच गरजेपेक्षा बरंच जास्त ठेवलेलं असतं. ही शिल्लक आहे म्हणूनच तो मनालीला कुरकुरत नाही. लेहच्या उंचीला पोचेपर्यंत ही शिल्लक संपते. पंपाची टिक-टिक मात्र तीच राहते, म्हणजे डिझेल तेवढंच आणि हवा कमी. ओल्या लाकडांनी चूल कोंडावी तशी ज्योत कोंडते. न जळलेल्या कार्बनची काजळी ज्वलनकक्षात, जाळीवर आणि सायलेन्सरमध्ये साचत जाते. आज थोडा धूर दिसतो, उद्या हीटर पेटायला दोनदा प्रयत्न करतो आणि परवा पेटतच नाही.

या दुखण्याला आणखी एक बाजू आहे, तिच्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. गाडीतली हवासुद्धा विरळच असते. त्यामुळे तापलेल्या अॅल्युमिनियमवरून फिरताना ती कमी उष्णता उचलते. हीटरचं अंग जास्त तापतं आणि तापमानाचा सेन्सर त्याला बंद करतो. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि हीटर बंद पडला तो अति तापल्यामुळे, असा उलटा प्रकार घडतो.

आल्प्सचं माप

या हीटरांची घराणी जर्मन आहेत. एबरस्पेशर ही कंपनी १८६५ साली एसलिंगेनमध्ये सुरू झाली. वेबास्टोची सुरुवातही १९०१ मध्ये त्याच गावात झाली आणि नंतर ती म्युनिकजवळच्या श्टॉकडॉर्फला गेली. आज बाजारात असलेले स्वस्त चिनी हीटर याच दोघांच्या जुन्या रचनांची अनुकरणं आहेत. या कंपन्यांच्या प्रचलित मॉडेलांच्या पुस्तिका पाहिल्या तर एक आकडा पुन्हा पुन्हा भेटतो, तो म्हणजे १५०० मीटर. तिथपर्यंत हीटर कोणत्याही बंधनाशिवाय चालवा. त्याच्या वर खिंड ओलांडताना किंवा थोड्या विश्रांतीपुरता चालवायला हरकत नाही. मुक्काम लांबणार असेल, तर इंधनाचं प्रमाण उंचीप्रमाणे जुळवून घ्या.

हे माप आल्प्सच्या हिशेबानं रास्तच आहे. आल्प्समधली सर्वांत उंच डांबरी खिंड म्हणजे फ्रान्समधला कोल द लिझरान, उंची २७६४ मीटर. तिथे कुणी रात्र काढत नाही, गाड्या ती ओलांडून खाली दरीत मुक्कामाला जातात. आपल्याकडेही महाराष्ट्रात हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण आपलं कळसूबाईच १६४६ मीटरचं. लडाखमध्ये मात्र दऱ्याच साडेतीन हजार मीटरवर आहेत. सरचूचे तंबू चार हजार दोनशेच्या वर, पँगाँगचा काठ जवळपास तेवढाच आणि त्सो मोरिरीच्या काठावरचं करझोक साडेचार हजारांच्या पुढे. जिथे युरोपातला उंचीचा विचार संपतो, त्याच्या कितीतरी वर आपला पहिला मुक्काम पडतो. विकत घेताना ‘हाय अल्टिट्यूड’ असा शिक्का दिसला, तर त्या शिक्क्यामागची उंची किती मीटर आहे हे विचारलंच पाहिजे.

तीन उपाय आणि त्यांच्या मर्यादा

पहिला उपाय म्हणजे डिझेल कमी करणं. चिनी हीटरच्या पंपावर बहुधा २२ असा आकडा कोरलेला असतो. हजार टिकांना २२ मिलिलिटर, असा त्याचा अर्थ. मंद आचेवर हा पंप सेकंदाला १.६ टिका देत असेल, तर तासाला सुमारे १२७ मिलिलिटर डिझेल जातं. लेहच्या ६५ टक्के हवेला हे जुळवायचं तर टिका १.०५ च्या आसपास आणायला हव्यात. कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात इतक्या कमी डिझेलवर ज्योत तग धरेलच असं नाही, आणि ती अर्धवट विझून पुन्हा पेटत राहिली तर काजळी उलट वाढते.

दुसरा उपाय म्हणजे हवा वाढवणं. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये शिरून पंख्याच्या फेऱ्या वाढवता येतात. मंद आचेवर हे चांगलं लागू पडतं, कारण तिथे पंख्याला वाव असतो. पूर्ण जोरावर मात्र पंखा आधीच कमाल वेगानं फिरत असतो. म्हणून जाणकार दोन्ही गोष्टी मिळून करतात. खालच्या टोकाला फेऱ्या वाढवायच्या, वरच्या टोकाला डिझेल कापायचं. अधिकृत कार्यशाळेत हेच काम धुरातल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण यंत्रानं मोजून केलं जातं. आपण डोळ्यांनी धूर बघून करतो तो अंदाज, आणि विरळ हवेतली काजळी दर वेळी डोळ्यांना दिसेलच असं नाही.

तिसरा उपाय सगळ्यांत सरळ आहे, हवेचा दाब मोजणारा सेन्सर. जुन्या एबरस्पेशरला तो वेगळा जोडता येतो, नव्या पिढीतल्या बऱ्याच हीटरांत तो आतच असतो आणि पंपाची टिक-टिक उंचीप्रमाणे आपोआप बदलते. काही चिनी कंट्रोलरवरही उंचीचा मोड आलेला आहे. पैसे खर्च करायचेच असतील, तर ते हीटरच्या किलोवॅटवर करण्यापेक्षा या सेन्सरवर करावेत.

किलोवॅटबद्दलही एक गैरसमज आहे. डिझेल कापलं की उष्णताही कापली जाते. दोन किलोवॅटचा हीटर करझोकला नीट जुळवून चालवला तरी जेमतेम सव्वा किलोवॅट देतो. हे कळल्यावर लोक पाच किंवा ‘आठ’ किलोवॅटचा आणतात. मग छोट्या गाडीत तो रात्रभर सगळ्यांत मंद आचेवर रेंगाळत राहतो, आणि मंद आच हेच काजळीचं माहेर. दहा-अकरा फुटांच्या, नीट अस्तर घातलेल्या व्हॅनला मध्यम आकाराचा हीटर आणि चांगलं इन्सुलेशन ही जोडी जास्त मानवते.

काजळी साचणारच हे धरून चालावं. झोपण्यापूर्वी आणि सकाळी अर्धा-अर्धा तास हीटर पूर्ण जोरात चालवला की बरीचशी जळून जाते. अधूनमधून टाकीऐवजी छोट्या कॅनमधून रॉकेल पाजलं तरी कक्ष साफ होतो. पण रॉकेलला डिझेलचा तेलकटपणा नाही, त्यामुळे ते नेहमी वापरलं तर पंप झिजतो. सोबत एक जादा ग्लो प्लग, त्याची जाळी, बर्नरचं गॅस्केट आणि ते खोलायचा पाना एवढं असलं, की लेहच्या एखाद्या गॅरेजच्या अंगणात तासाभरात हीटर पुन्हा उभा राहतो.

डिझेल, पेट्रोल की गॅस

हवेनंतरचा दुसरा आरोपी इंधन. सपाटीवरचं साधं डिझेल शून्याखाली काही अंशांतच मेणचट होऊ लागतं आणि हीटरच्या बारीक नळीत अडकतं. यावर इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी हिवाळी डिझेल बाजारात आणलं. पानिपतच्या रिफायनरीत बनणारं हे डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. लाहौलमधल्या तांदीचा पंप ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ या पाटीसाठी प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात अशा ठिकाणी टाकी भरताना डिझेल किती आहे याबरोबरच ते कुठल्या प्रतीचं आहे हेही विचारावं. टाकीत खालचं डिझेल शिल्लक ठेवून वर जाऊ नये. मिश्रणात साध्या डिझेलचा वाटा जितका मोठा तितकं ते लवकर गोठतं.

पेट्रोलचे हीटर तुलनेनं कमी काजळी धरतात आणि पेट्रोल गोठत नाही. पण त्यांना पर्याय कमी आहेत आणि गाडीत पेट्रोलची वाफ खेळवणं जोखमीचं, म्हणून आपल्याकडे ते फारसे दिसत नाहीत.

गॅसची कथा वेगळी. आपल्या सिलिंडरात ब्युटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं. प्रोपेनची वाफ उणे ४२ अंशांवरही होते, ब्युटेनची मात्र शून्याच्या जरा खालीच थांबते. त्यामुळे थंडीत सिलिंडर जड असतो आणि शेगडी मात्र फुरफुरत राहते. उंचीवर दाब कमी असल्यानं उत्कलनबिंदू थोडा खाली येतो खरा, पण उणे पंधरा-वीसमध्ये तेवढ्यानं भागत नाही. युरोप-अमेरिकेत शुद्ध प्रोपेनवरचे, बाहेर धूर सोडणारे हीटर चांगले चालतात. आपल्याकडे तसा प्रोपेन वाटेत भरून मिळत नाही.

राहिले ते धुरांडं नसलेले गॅस हीटर. अमेरिकेत खपणाऱ्या या जातीच्या एका लोकप्रिय हीटरचा प्राणवायू सेन्सर साधारण सात हजार फुटांच्या वर त्याला बंद पाडू शकतो, असं बनवणारेच सांगतात. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच हीटरांत तो सेन्सरही नसतो. गाडीत झोपताना हा प्रकार वापरणं म्हणजे विषाची परीक्षा पाहणं आहे.

ज्याला वास नाही

अर्धवट ज्वलनातून काजळीबरोबर कार्बन मोनॉक्साइडही बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. १९३४ मध्ये अंटार्क्टिकावरच्या एकाकी तळावर अॅडमिरल रिचर्ड बर्ड मरणाच्या दारात पोचले ते स्टोव्ह आणि जनरेटरच्या धुरामुळे, थंडीमुळे नव्हे. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळच्या दोन कुटुंबांतले आठ पर्यटक हॉटेलच्या एकाच खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि उठलेच नाहीत. त्यांत चार मुलं होती. दामनची उंची अडीच हजार मीटरही नाही.

उंचीवर या विषाचं निदान अवघड होतं. डोकेदुखी, मळमळ, चक्कर आणि गळून जाणं ही त्याची लक्षणं. विरळ हवेच्या आजाराची लक्षणंही नेमकी हीच. लेहला पहिल्या रात्री डोकं दुखलं तर कुणाला नवल वाटत नाही. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घेऊन, खिडकी आणखी घट्ट लावून माणूस झोपतो. त्यात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घात करतो. साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनलाही प्राणवायूवालंच समजतो आणि आकडा चांगला दाखवतो. एकाच गाडीतल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं आणि बाहेर मोकळ्यावर गेल्यावर उतरलं, तर आधी हीटर बंद करून दारं उघडावीत. उंचीचा विचार नंतर.

म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हा हीटरचाच भाग मानायला हवा. युरोपात फिरत्या घरांसाठी ‘ईएन ५०२९१’चा दुसरा भाग हे वेगळं मानक आहे. त्यानुसार ३०० पीपीएमला तीन मिनिटांत आणि १०० पीपीएमला दहा ते चाळीस मिनिटांत अलार्म वाजलाच पाहिजे. तो उशीजवळच्या उंचीला लावावा. हीटरच्या धुराची नळी गाडीच्या कडेपर्यंत न्यावी, दाराखाली किंवा खिडकीखाली नको. बर्फ पडला की आधी नळीचं तोंड मोकळं करावं, मग गाडीचं दार.

तिसरा आरोपी बॅटरी, तिचं थोडक्यात. पेटताना ग्लो प्लगला आठ-दहा अँपिअर लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी थंडीनं बॅटरी अर्धमेली झालेली असते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, म्हणून तिची जागा गाडीच्या आत, उबेत. हीटर चालू असताना मेन स्विच कधीही खाली करू नये. पंखा बंद पडून आतली उष्णता कोंडते आणि हीटरचं अंग जळतं.

तिथली माणसं काय करतात

लडाखमध्ये शतकानुशतकं माणसं राहतात, आणि त्यांचं उत्तर यंत्राच्या आधी घराच्या बांधणीत आहे. जाड मातीच्या भिंती, दक्षिणेकडे खिडक्या आणि अख्ख्या कुटुंबाला पुरेल एवढी एकच उबदार खोली. त्या खोलीत बुखारी म्हणजे खोली तापवणारी शेगडी, तिला छतापार गेलेलं धुरांडं. लष्करालाही हाच प्रश्न सतावत होता. रॉकेलच्या जुन्या बुखारीचा धूर आणि उलटा भडका जवानांच्या जिवावर बेतायचा. डीआरडीओच्या दिल्लीतल्या प्रयोगशाळेनं त्यावर ‘हिमतापक’ ही सुधारित बुखारी बनवली. २०२१ च्या सुरुवातीला लष्करानं तिच्यासाठी ४२० कोटी रुपयांहून अधिकची मागणी नोंदवल्याचं जाहीर झालं. त्याच हिवाळ्यात लडाखचे अभियंते सोनम वांगचुक यांनी सूर्याच्या उबेवर चालणारा तंबू दाखवला. रात्री दहाला बाहेर उणे १४ आणि आत अधिक १५ अंश, तेही रॉकेलचा थेंब न जाळता.

व्हॅनवाल्यांनी यातून घ्यायचं ते एवढंच, की ऊब तयार करण्याआधी ती राखायला शिकावं. दुपारी गाडीची काचेची बाजू दक्षिणेला ठेवावी, सूर्य मावळायच्या आत पडदे लावावेत, ड्रायव्हरची केबिन जाड पडद्यानं तोडावी. उणे २० अंशांची झोपेची पिशवी आणि गरम पाण्याची रबरी पिशवी यांना उंची कळत नाही.

तेव्हा आढाव्याचा निकाल असा. अडीच हजार मीटरपर्यंत डिझेल हीटर भरवशाचा, थोड्या मुक्कामापुरता फारसा विचार न करता वापरावा. तिथून लेहच्या उंचीपर्यंत तो चालतो, पण सेन्सरवाला किंवा हातानं जुळवलेलाच, आणि सोबत सुटे भाग हवेत. चार हजार मीटरच्या वर त्याच्यावर रात्रभर विसंबू नये. झोपण्यापूर्वी तासभर आणि उठताना तासभर तो पूर्ण जोरात लावावा, मधली रात्र पांघरुणावर काढावी. अलार्म वाजत नसेल किंवा त्याची बॅटरी संपली असेल, तर कोणत्याही उंचीवर हीटर पेटवून झोपू नये. जिथे हीटर बंद पडला तर रात्र निभणार नाही, अशा ठिकाणी गाडी लावायचीच नाही. खाली उतरायचं, तेही उजेड आहे तोवर.